रिबॉन्डिंग सोडून पुन्हा कुरळ्या केसांकडे

लग्नाच्या महिनाभर आधी मी रिबॉन्डिंग केलं, म्हणजे औषध लावून केस कायमचे सरळ करून घेतले, आणि पुढे सहा वर्षं मुळांचं टचअप करत राहिले. मग मुलीचं जावळ काढलं आणि नंतर आलेले केस अगदी गोल वळ्यांचे निघाले. माझ्या लहानपणीच्या फोटोतले. त्या वर्षी टचअपला गेले नाही.

तुम्हीही थांबायचं ठरवलं असेल तर आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: सरळ केलेला केस परत कुरळा होत नाही. रिबॉन्डिंगच्या औषधाने केसाच्या आतले गंधकाचे बंध तुटतात, इस्त्रीने केस सरळ होतो आणि न्यूट्रलायझर लावल्यावर ते बंध त्याच सरळ आकारात पुन्हा जुळतात. कुठल्याही तेलाने किंवा मास्कने हे उलटत नाही. मुळातून नव्याने येईल तेवढाच केस कुरळा. महिन्याला साधारण 1 ते 1.25 सेंटीमीटर, म्हणजे वर्षभरात वीतभरही नाही. एकदम सगळं कापायची तयारी असेल तर उत्तम, सुटलात. माझी नव्हती. मी दर दोन महिन्यांनी दोन बोटं कापत गेले, दीड वर्ष लागलं.

या काळात खरा जीव लावायचा तो सांध्याला. चौथ्या महिन्यात मी सवयीने ओल्या केसांतून बारीक दातांची फणी ओढली आणि हातात झुपकाच आला. त्यातला एक केस खिडकीशी धरून पाहिला. अर्धं बोटभर स्प्रिंगसारखं वळण, त्याला लागून जेमतेम नखाएवढा सरळ दोरा, आणि तिथेच तुटलेला. नवा आणि जुना केस जिथे भेटतात ती जागा सगळ्यात कच्ची असते.

तेव्हापासून माझे नियम ठरले. गुंता फक्त न्हाताना, कंडिशनर लावलेलं असतानाच काढायचा. आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकांपासून सुरुवात करून वर वर जायचं. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही. मी आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा वापरते, केसांना नुसता दाबून धरते. घट्ट वेणी, घट्ट पोनी बंद. न्हाण्याच्या आदल्या रात्री खोबरेल. इस्त्री तर नकोच, उष्णतेने नव्या केसाचंही वळण बिघडतं.

सहाव्या महिन्यापासून वर फुगलेलं, खाली चपटं असं डोकं दिसतं. नेमकं तेव्हाच घरात कुणाचं तरी लग्न निघतं आणि 'एकदाच करून घे गं' असं सगळ्या म्हणतात. करू नका. केस दमट असताना चार-पाच सैल वेण्या घालून झोपा, सकाळी वरचं आणि खालचं वळण बरंच जुळतं. मी नणंदेच्या लग्नात मानेवर सैल अंबाडा घालून गजरा माळला होता, छान दिसला.

केस बसवायला जवसाचं जेल घरीच करा. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मध्यम आच, ढवळत राहायचं. चमचा उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबली की लगेच गॅस बंद करून गरम असतानाच गाळा. मी पहिल्यांदा निवू दिलं आणि दाणे त्या बुळबुळीतून काही केल्या सुटेनात. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. ओल्या केसांना लावून खालून वर मुठीत दाबायचं आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर केस कडक लागतात. तळव्यांना दोन थेंब खोबरेल चोळून हलके चुरगाळले की मोकळे होतात.

शेवटची सरळ टोकं कापायला जाल तेव्हा केस धुऊन, न विंचरता, पूर्ण वाळवून जा आणि कोरडेच कापायला सांगा. ओला कुरळा केस लांब दिसतो. वाळला की माझा चांगला चार बोटं वर चढतो.