पोरांच्या मोटरगाडीची जमवाजमव

घरच्या घरी पोरांसाठी मोटरगाडी करायचं ठरलं की आपण आधी मोटर शोधत सुटतो. त्याआधी पोराला जमिनीवर पाय पसरून बसवा आणि खडूने भोवती आखा. टाच कुठे येते, ढोपर किती वर येतं, हात पुढे केला की स्टिअरिंग कुठे सापडतं, एवढ्या खुणा झाल्या की सांगाड्याचं माप तयार. पोरं वाढतात, म्हणून सीट मागे सरकेल अशी सोय आत्ताच ठेवा. बैठक जितकी खाली आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर जितकं जास्त, तितकी गाडी वळणावर उलटायची भीती कमी.

सांगाड्याला 18 मिमीचं प्लायवूड पुरतं. वेल्डिंग येत असेल तर 25 मिमीचा चौकोनी पाइप घ्या. भंगारातला घेतलात तर त्यावर जस्ताचा मुलामा नाही ना ते बघा, कारण वेल्डिंग करताना त्याच्या धुराने ताप भरतो. चाकं लहान सायकलची, सीट मोडक्या खुर्चीची. इथे हवी तेवढी काटकसर करा. ब्रेक, वायर आणि फ्यूज मात्र नवेच आणा.

मोटर 24 व्होल्टची, 250 वॅटची, गिअर बसवलेली बघा. गाडीच्या वायपरची मोटर भंगारात सहज मिळते, पण तिच्यात वर्म गिअर असतो. चाकाला थेट जोडली तर वीज बंद होताच चाक जाम, गाडी ढकलतासुद्धा येत नाही. चेनची दातेरी चक्रं विकत घेण्याआधी कागदावर हिशोब मांडा. समजा मोटरचा दांडा मिनिटाला 300 फेरे घेतो आणि त्यावरच्या चक्राला 9 दात आहेत. चाकाला 18 दातांचं फ्रीव्हील (सायकलच्या मागच्या चाकाचं, एकाच दिशेने ओढणारं चक्र) लावलं तर चाकाचे 150 फेरे होतात. चाकाचा व्यास 30 सेमी असेल तर एका फेऱ्यात 94 सेमी, म्हणजे ताशी साधारण साडेआठ किलोमीटर. बाजूने धावणाऱ्या मोठ्या माणसाला एवढाच वेग पुरे वाटतो! लहानग्यासाठी 27 दात लावले की तोच वेग साडेपाचवर येतो. चेन मागच्या एकाच चाकाला द्या. दोन्ही चाकं एका आसावर पक्की केली तर वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरायचं असतं, ते जमत नाही आणि गाडी सरळच जाऊ पाहते.

बॅटऱ्या 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरच्या दोन, एकाच कंपनीच्या आणि एकाच वयाच्या. एक जुनी नि एक नवी जोडली की जुनी आधी संपते आणि नवीलाही घेऊन बसते. दोन्ही मिळून 168 वॅट-अवर भरतात, पण शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली ओढू नये. सपाट जागेवर अर्धा-पाऊण तास खेळ होतो, तेवढा खूप आहे. मोटर पूर्ण जोरात सव्वादहा-साडेदहा अँपिअर घेते आणि चढावर त्याहून बरंच जास्त, तेव्हा वायर 4 चौरस मिमीची घ्या. टोकांना थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून बसवा, नुसती पिळून टेप मारू नका. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत हवा. पुढे कुठे वायर घासून उघडी पडली तर तोच आग वाचवतो.

आता थांबवायचं सामान. माझ्या पहिल्या गाडीत थ्रॉटलच्या, म्हणजे वेग देणाऱ्या मुठीच्या, तीन बारीक वायरींपैकी काळी सीटखाली सैल झाली होती. ती सुटली की कंट्रोलरला, म्हणजे मुठीप्रमाणे मोटरला वीज देणाऱ्या डबीला, वाटतं मूठ पूर्ण पिळली आहे. चाचणीला चाकं विटांवर उचललेली होती म्हणून निभावलं. मागचं चाक हवेत पिसाळलं आणि मूठ सोडून काही उपयोग होईना. तेव्हापासून बॅटरी आणि कंट्रोलरच्या मध्ये मोठा खटका असतोच, डीसी करंट तोडणारा, आणि मागून चालणाऱ्या माणसाच्या हातात त्याची दोरी. शिवाय सायकलचा ब्रेक आणि दाबताच मोटर बंद करणारा लिव्हर. चेनवर पूर्ण झाकण हवं, कारण पोरांची बोटं, ओढण्या आणि बुटांच्या नाड्या तिकडेच जातात. हलणाऱ्या प्रत्येक सांध्याला नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, धक्क्याने सैल न होणारा) लावा. हेल्मेट गाडीच्या आधी आणा, म्हणजे ते घालायची सवय होते.

हॉर्न मी यादीत विसरलो होतो. भाची गाडीत बसली आणि म्हणाली, "मामा, पॉं-पॉं कुठंय?" हॉर्न 12 व्होल्टचा असतो म्हणून तो घाईत दोनांपैकी एकाच बॅटरीवर जोडू नका, ती दुसरीच्या आधी उतरते. 24 चे 12 करणारा छोटा कन्व्हर्टर मध्ये टाका आणि बटण अंगठ्याखाली द्या.