मळमळ आणि खायची भीती: पोटाचा त्रास असेल तर या चुका टाळा

ताट समोर आलं की पोटात गोळा येतो, दोन घास गेले की उमासे, आणि उद्या पण असंच होणार म्हणून टेन्शन आज रात्रीपासूनच सुरू. ॲसिडिटी असो, आयबीएस (पोट वारंवार दुखतं, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ) असो नाहीतर गॅस्ट्रोपॅरेसिस (जठर हळूहळू रिकामं होतं, जुना डायबिटीस असलेल्यांना जास्त होतं), हे चक्र बऱ्याच जणांचं सेम असतं. आणि घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत तुझे. असं नका हो म्हणू! मेंदू आणि पोट व्हेगस नर्व्हने जोडलेलं असतं, भीती वाटली की जठराचं काम खरंच मंदावतं, म्हणजे मळमळ पण खरीच असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उपाशी राहणं. मळमळतंय म्हणून नाश्ता नाही, मग दुपारी पण नको, आणि संध्याकाळी कोरड्या उलट्या, कारण रिकाम्या पोटी मळमळ उलट वाढते. मग रात्री भुकेने एकदम पोटभर जेवायचं आणि परत त्रास. त्यापेक्षा दर दोन-तीन तासांनी थोडंथोडं खा: चार चमचे मेतकूट-भात, मुगाची पातळ खिचडी, मूठभर साळीच्या लाह्या. गॅस्ट्रोपॅरेसिस असेल तर तेल-तूप आणि चोथा असलेलं कमीच ठेवा, त्याने जठर अजून हळू रिकामं होतं, म्हणजे "हेल्दी" म्हणून वाडगाभर कच्चं सॅलड खाल्लं तर त्रासच होणार. फोडणीच्या वासानेच ढवळत असेल तर स्वयंपाक होईपर्यंत दुसऱ्या खोलीत बसा आणि जेवण कोमट झालं की खा, गरम अन्नाचा वास जास्त येतो.

दुसरं, एकेक पदार्थ बंद करत जाणं. एकदा दूध बाधलं म्हणून दूध बंद, मग पोळी बंद, मग डाळ, शेवटी ताक-भात आणि बिस्किटं एवढंच उरतं. बंद केलं की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं आणि त्यानेच भीती पक्की होते. सोडलेल्यातला एकच पदार्थ, घरी, पोट बरं असलेल्या दिवशी, दोन चमचे खाऊन बघा. जमलं तर दोन-तीन दिवसांनी थोडा वाढवा. (ॲलर्जी किंवा सिलिअॅक, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन न चालणारा आजार, असेल तर हे अजिबात करू नका.)

घरच्यांसाठी पण एक सांगायचंय, आग्रह करू नका. "एवढंच? अजून एक घे ना" ऐकून घसा अजून आवळतो. वाटी ठेवा, गप्पा मारा, किती खाल्लं ते मोजू नका.

गोळ्यांचं पण बघा. पॅन्टोप्राझोल (ॲसिड कमी करणारी गोळी) जेवून झाल्यावर जळजळलं की घेतात, ती खरंतर नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. डॉमपेरिडोन (उलटी-मळमळीचं औषध) असलेली गोळी महिनोन्‌महिने मनाने घेत राहू नका, तिने हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणूनच युरोपात 2014 पासून ती शक्यतो आठवडाभरच द्या असं सांगितलंय. आणि मेटफॉर्मिन (डायबिटीसची गोळी), लोहाच्या गोळ्या, पेनकिलर यांनी पण मळमळतं, तेव्हा चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा, पण विचारल्याशिवाय बंद करू नका.

जेवल्यावर लगेच आडवं होऊ नका, पाणी घोटघोट प्या. उमासे आलेच तर आल्याचा तुकडा चघळा किंवा श्वास सावकाश सोडा, घेतो त्यापेक्षा लांब.

आणि खायची भीती वाटते हे डॉक्टरांपासून लपवू नका. लोक फक्त "पित्त होतं" एवढंच सांगतात, मग गोळी पण तेवढ्याचीच मिळते. भीतीसाठी काउन्सेलरची मदत होते, त्यात लाज कसली? मात्र वजन आपोआप उतरत असेल, गिळताना अडकत असेल, उलटीत रक्त किंवा काळी शी होत असेल, पाणी पण टिकत नसेल, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.