शेवटचे दोन दिवस: वॉर्डात नव्याने आलेल्या सिस्टर-ब्रदरसाठी

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून वॉर्डात आलेल्यांना सगळ्यात जड जातो तो राउंडला 'आता काही करण्यासारखं नाही' असं सांगून झालेला पेशंट. नवी मुलं-मुली त्या खाटेजवळून भरभर पुढे जातात. भीती वाटते, नातेवाइकांनी काही विचारलं तर काय सांगायचं हे कळत नाही. पण आजार बरा करण्याचे उपचार थांबले की आपलं काम वाढतं, आणि ते शिकून येतं. हे लिहितेय ते त्यासाठीच.

आधी दुखणं. मॉर्फिन म्हटलं की नवे लोक घाबरतात, श्वास थांबेल म्हणून. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या डोसमध्ये, हळूहळू वाढवत दिलेलं मॉर्फिन कॅन्सरच्या वेदनेवर सुरक्षित आहे. साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळावर द्यायची; पेशंट कण्हायला लागण्याची वाट बघायची नाही. सोबत पोट साफ होण्याचं औषध लिहिलंय का ते बघा, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन हे औषध मिळवणं सोपं झालं, तरी रजिस्टर चोख ठेवायला लागतं.

दुसरं तोंड. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण इथे बहुतेक जण कमी पडतात. सोलापूरच्या पूर्व भागातले एक यंत्रमाग कामगार आमच्याकडे होते, अन्ननलिकेचा कॅन्सर. घरात तेलुगू बोलणारं कुटुंब. बायको सारखी एकच म्हणायची, "सिस्टर, दोन चमचे पाणी तरी पाजू द्या, तहानलेले जातील हो." पाणी दिलं असतं तर ते श्वासनलिकेत गेलं असतं. पण नुसतं 'नको' म्हणून त्या बाईचं समाधान कसं होणार? मी तिला शेजारी बसवलं. शेवटी शेवटी शरीराची तहान-भूक आपोआप कमी होते, कोरडं पडतं ते तोंड, हे मुलाकरवी समजावलं. मग बोटाला गॉज गुंडाळून, स्वच्छ पाण्यात बुडवून, नीट पिळून दाखवला: आधी ओठ, मग गालाची आतली बाजू, मग जीभ, फार मागे न जाता. तिचा हात पहिल्यांदा थरथरत होता. दुपारपर्यंत ती मला न विचारता दर तासाला करायला लागली आणि करता करता नवऱ्याशी घरचं काहीबाही बोलत राहिली. त्यांचे डोळे मिटलेले होते. तरी बोलू द्यावं, कारण बेशुद्ध दिसणाऱ्या माणसालाही ऐकू येत असण्याची शक्यता असते. एक लक्षात ठेवा, ऑक्सिजन चालू असेल तर ओठांना व्हॅसलीन लावायचं नाही.

कूस बदलणं, चादर कोरडी ठेवणं हे तुम्हाला कॉलेजात शिकवलंय. फक्त बदलण्याआधी पेशंटला सांगा, तो उत्तर देत नसला तरी.

श्वास बदलतो तेव्हा नातेवाईक हादरतात. मध्येच थांबतो, पुन्हा जोरात सुरू होतो. घशात घरघर होते. हे होणार आहे असं आधीच सांगून ठेवलं तर माणसं खाटेजवळ थांबतात. नाही सांगितलं तर वॉर्डात आरडाओरडा होतो. घरघरीला सारखं सक्शन (नळीने कफ ओढणं) लावू नका, त्याने त्रासच होतो. एका कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच घ्या, इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

बोलताना 'देवावर भरवसा ठेवा, होईल बरं' हे माझ्या मते कधीही म्हणू नये. डॉक्टरांनी सांगितलेलंच सोप्या शब्दांत पुन्हा सांगा: "तब्येत उतरत चाललीय. आज-उद्याचं वाटतंय. ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या." सोलापुरात याला फार महत्त्व आहे. लेक कर्नाटकात इंडीला दिलेली असते, भाऊ तिकडेच आळंदला असतो. बस धरून यायला त्यांना वेळ हवा. भाषाही थोडी शिका. दुखण्याला कन्नडमध्ये 'नोवु', तेलुगूत 'नोप्पी', एवढं जरी आलं तरी म्हातारी माणसं तुमच्याकडे वळून बघतात.

प्रत्येक घराची रीत वेगळी, म्हणून विचारा, अंदाज बांधू नका. कुणाला गंगाजल आणि तुळशीपत्र ठेवायचं असतं, कुणाला कानाशी कलमा म्हणायचा असतो. लिंगायत पेशंटच्या गळ्यातलं इष्टलिंग दागिना समजून काढू नका. त्यांच्यात देह बसवून पुरण्याची प्रथा आहे. मृत्यूनंतर काही तासांत अंग ताठर होऊ लागतं, उन्हाळ्यात आणखी लवकर. त्यामुळे 'कागद लवकर करा' म्हणून घरचे घाई करतात, ती उद्धटपणा समजू नका.

शेवटची तयारी पडदा ओढून, हळू हातांनी करा. डोळे मिटवा, हनुवटीला आधार द्या, अंग पुसा. मेडिकोलीगल (पोलिसांकडे नोंद होणारी) केस असेल तर नळ्या तशाच राहू द्या, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही काढू नका. दागिने दोघांसमोर मोजून, सही घेऊन द्या.

आणि नाव तपासा. रुग्णालयातल्या मृत्यूची माहिती रुग्णालयच महापालिकेला कळवतं, मुदत २१ दिवसांची. केसपेपर घाईत लिहिलेला असतो. तेलुगू-कन्नड आडनावं तर हमखास चुकतात. आधारकार्ड मागून घ्या, अक्षर न् अक्षर जुळवा, पत्नीचं नावही. दाखल्यात चूक राहिली तर विमा, पेन्शन, बँकेचं खातं यासाठी त्या बाईला महिनोन् महिने खेटे घालावे लागतात.