ऑक्टेव्हमधला आलेख छापताना या चुका टाळा

प्रिंट स्क्रीन दाबून आलेख रिपोर्टात चिकटवणं आधी बंद करा. ऑक्टेव्ह या गणिताच्या सॉफ्टवेअरची आलेखाची खिडकी मुळात ५६० बाय ४२० पिक्सेलची. ती वर्डमध्ये सहा इंच ताणली की इंचाला जेमतेम ९३ ठिपके उरतात. चांगल्या छपाईला ३०० हवेत. अक्षरं फाटतात, तिरक्या रेघांना पायऱ्या पडतात, आणि बोल लागतो प्रिंटरला.

रंगांवर विसंबणं ही त्याहून वाईट चूक. एका विद्यार्थिनीने मांडवीच्या भरती-ओहोटीवर प्रोजेक्ट केला होता, अगदी मनापासून. गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसाला साधारण दोन भरत्या येतात, पण दोन्हींची उंची सारखी नसते. हा फरक आपल्या गणितात किती नेमका उतरतो, हाच तिचा मुद्दा. मोजलेली पातळी निळ्या रेघेत, गणिताने काढलेली नारिंगी. स्क्रीनवर सुरेख दिसत होतं. सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी फोंड्याला झेरॉक्सवाल्याकडे काळ्या-पांढऱ्यात प्रती काढल्या, तर दोन्ही रेघा जवळजवळ सारख्याच करड्या! व्हायव्हाला परीक्षकांनी विचारलं, "यातली मोजलेली कुठली गो, बाय?" तिला बोट ठेवता आलं नाही. इतकी चांगली मेहनत अशी वाया गेलेली बघवत नाही.

म्हणून मी एक रेघ सलग आणि दुसरी तुटकच काढतो, जाडी दीड पॉइंट. रंगाचं नंतर बघायचं. सगळ्या प्रती काढण्याआधी एकच पान काळ्या-पांढऱ्यात छापून घ्यायचं.

आकार आलेख काढतानाच ठरवा. ए-फोर कागदावर दोन्हीकडे अडीच सेंटिमीटर समास सोडला की १६ सेंटिमीटर रुंदी उरते. आलेखाच्या सेटिंगमध्ये आधी 'पेपर युनिट्स' सेंटिमीटर करा, मगच 'पेपर पोझिशन'मध्ये ०, ०, १६, १० भरा (शेवटचे दोन आकडे रुंदी आणि उंची). वर्डमध्ये कोपरा धरून ओढावं लागलं नाही, तर ११ पॉइंटची अक्षरं कागदावरही ११ पॉइंटचीच येतात. पीडीएफ हवी असेल तर 'पेपर साइझ'ही १६, १० द्या. नाहीतर ऑक्टेव्ह अमेरिकन लेटर कागद धरतं आणि आलेखाभोवती पांढरं रान उरतं.

प्रिंट कमांडला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, स्पष्ट सांगा. न सांगितल्यास पीएनजी १५० वरच निघते. जेपेग फोटोंसाठी ठेवा, आलेखात रेघांभोवती धुरकट डाग येतात. वर्डऐवजी लाटेक या मजकूर मांडणीच्या प्रणालीत लिहिणाऱ्यांनी सरळ पीडीएफ घ्यावी.

ऑक्टेव्हऐवजी पायथनमधली आलेखांची लायब्ररी मॅटप्लॉटलिब वापरत असाल तर जतन करणारी 'सेव्हफिग' कमांड आधी, खिडकी दाखवणारी 'शो' नंतर. उलट केलंत आणि खिडकी बंद झाली, की कोरं चित्र जतन होतं.

खिडकीतल्या मेनूतून सेव्ह करणं पटकन होतं, असं सगळे सांगतात. गाइडनी अक्षाचं एकक बदलायला सांगितलं की तेच सगळे रात्र जागवून एकेक आलेख पुन्हा काढत बसतात. जतन करण्याच्या चार ओळी स्क्रिप्टच्या शेवटी लिहायचा कंटाळा का येतो, मला खरंच कळत नाही. डेटाची फाइलही त्याच फोल्डरात ठेवा; नुसत्या पीएनजीवरून एकक बदलून देणं कोणालाच जमत नाही.