इंग्रजी नामं: या चुका आता तरी टाळा

प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल, ॲबस्ट्रॅक्ट. पाचही प्रकार पोरं झोपेतसुद्धा म्हणून दाखवतात. एखादं साधं वाक्य पुढ्यात ठेवलं की मात्र गाडी अडते, कारण पाठ झालेली असते ती फक्त यादी.

शेपूट बघून प्रकार ठरवणं

हिचा मला सगळ्यात जास्त राग आहे. 'शेवटी नेस, टी, शन आलं की डोळे झाकून ॲबस्ट्रॅक्ट' ही ट्रिक कुठल्या क्लासातून निघाली देव जाणे, पण दरवर्षी कुणाच्या तरी वहीत लाल चौकटीत सापडतेच. आठवीतल्या एका मुलाने तिच्या जोरावर सिटी, स्टेशन आणि विटनेस या तिघांनाही भाववाचक करून टाकलं. म्हटलं, "अरे, स्टेशन भाववाचक, तर लोकल थांबते कुठे?" तर म्हणाला, "पण सर, शेवटी शन आहे ना!" विटनेस म्हणजे कोर्टात उभा राहणारा जिताजागता साक्षीदार, हे त्याच्या गावीही नव्हतं. ती ट्रिक मी खोडायला लावली, तर पुढच्या आठवड्यात नवी घेऊन हजर: दिसतं ते कॉमन, दिसत नाही ते ॲबस्ट्रॅक्ट. या हिशेबाने हवासुद्धा भाववाचक झाली! एअर हे मटेरियल नाउन आहे, दिसो वा न दिसो.

मुळात नुसत्या शब्दाचा प्रकार विचारणंच मला पटत नाही. 'द गेट इज मेड ऑफ आयर्न' इथे आयर्न म्हणजे लोखंड, म्हणून मटेरियल. 'व्हेअर इज माय आयर्न?' इथे ती इस्त्री झाली, म्हणून कॉमन. ग्लास आणि पेपरचंही तेच. त्यामुळे माझ्याकडे आधी वाक्य, मग प्रकार. वेळ लागतो. ज्यांना एका रविवारी अख्खं ग्रामर संपवायचं असतं, ते कुरकुरतात. कुरकुरू देत.

दिसेल त्या नामाला 'एस' चिकटवणं

फर्निचर्स, इन्फर्मेशन्स, लगेजेस, इक्विपमेंट्स. ही नामं इंग्रजीत मोजत नाहीत, म्हणून त्यांना अनेकवचनही नाही. यातली निम्मी चूक मराठीतून येते. आपण सल्ले देतो, म्हणून ॲडव्हाइसेस. बातम्या ऐकतो, म्हणून 'न्यूज आर'. केस गळतात, म्हणून 'माय हेअर आर फॉलिंग'. इंग्रजीत न्यूज एकवचनी, आणि डोक्यावरचे सगळे केस मिळून हेअरही एकवचनीच. पोलीस मात्र उलटे: आपल्याकडे एकटा पोलीस येतो, इंग्रजीत 'द पोलीस आर कमिंग'. एकच असेल तर पोलीस ऑफिसर म्हणा.

याची यादी पाठ करू नका. मी असं नाम वहीत कधीच एकटं लिहीत नाही, जोडीदारासकट लिहितो: अ पीस ऑफ ॲडव्हाइस, टू पीसेस ऑफ फर्निचर. शंका आली तर शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश उघडा. त्यात बहुधा नामापुढे सी किंवा यू छापलेलं असतं. सी म्हणजे मोजता येणारं, यू म्हणजे न येणारं. ते बारीक अक्षर बघण्याचा कंटाळा का येतो, हे मला कळलेलं नाही.

उरलेल्या, भराभर

'वन ऑफ माय फ्रेंड' नाही, फ्रेंड्स. अनेकांतला एक आहे तो.

सिझर्स आणि ट्राउझर्स नेहमी अनेकवचनी. कात्री एकच असली तरी 'सिझर्स आर'.

टीम, फॅमिली यांच्यापुढे इज की आर, यावर भांडू नका. ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतात, अमेरिकेत बहुतेक वेळा इज. एका निबंधात एकच धरा म्हणजे झालं.

देवनागरीत कॅपिटल नाही, म्हणून संडे, जानेवारी, मराठी हे शब्द मुलं सर्रास लहान अक्षराने सुरू करतात. वारांची, महिन्यांची आणि भाषांची नावं कॅपिटलनेच. ऋतूंची मात्र लहान.

आणि विशेषनामापुढे 'द' कधीच येत नाही, हा नियम तुम्हाला ज्याने सांगितला त्याला नद्या दाखवा. 'द गोदावरी', 'द कृष्णा'. डोंगररांगेला 'द सह्याद्रीज'. एकट्या शिखराला मात्र नाही: नुसतं कळसूबाई.