मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी गल्लीत आणि गावात कशी न्यावी

शासकीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील व्यक्तींचा रक्तदाब आणि मधुमेह तपासला जातो, तसेच तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाचीही तपासणी होते. मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग मात्र त्यात नाही. त्यामुळे आशाताई दारात आल्या तरी हा विषय सहसा निघत नाही. जगात २०२२ साली या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख लोक त्याने दगावले. कोल्हापुरात तालीम मंडळे, महिला बचत गट आणि गावोगावच्या दूध संस्था यांच्या शब्दाला वजन आहे. या संस्थांनी हे काम हाती घ्यायचे ठरवले, तर ते कसे करावे यासाठी हे लेखन आहे.

पहिली गोष्ट म्हणजे शौचातील डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधणाऱ्या चाचणीचे किट वाटून सुरुवात करू नये. ज्यांच्या शौचात रक्ताचा अंश सापडेल, त्यांची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी, कोठे होईल, तारीख किती दिवसांत मिळेल आणि खर्च किती येईल, हे आधी ठरलेले असावे. त्यासाठी कोल्हापूरच्या सीपीआर या शासकीय रुग्णालयात तसेच जवळच्या पोटविकारतज्ज्ञांकडे प्रत्यक्ष जाऊन बोलावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे, पण तपासणीचा खर्च त्यात बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारून घ्यावे. पुढची वाट न आखता वाटलेले किट माणसाला भीती देते आणि त्याला तसेच सोडून देते. असे शिबिर घेण्यापेक्षा न घेतलेले बरे, असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर बोलण्याची तयारी करावी, आणि खरे कष्ट येथेच आहेत. शौचातून रक्त पडले की आपल्याकडे ‘उष्णता झाली’, ‘तिखट जास्त झाले’ किंवा ‘मूळव्याध आहे, जुनीच आहे’ असे म्हणून विषय संपवला जातो. बिनाऑपरेशन मूळव्याध बरी करण्याच्या पाट्या वाचून माणसे महिनोन्महिने औषधे घेत राहतात, आणि गुदद्वाराची साधी बोटाने करायची तपासणीही झालेली नसते. मूळव्याध आणि कर्करोग एकाच माणसाला असू शकतात, हे सभेत स्पष्ट शब्दांत सांगावे. पुरुषांची आणि स्त्रियांची बैठक वेगळी घ्यावी, कारण एकत्र बसल्यावर या विषयावर कोणी तोंड उघडत नाही. घरातल्या थोरांशी सुनेने किंवा मुलाने सरळच बोलावे: ‘आबा, तुम्हाला त्रास नाही हे ठाऊक आहे, पण रक्त डोळ्यांना दिसण्याआधीच ही तपासणी करायची असते.’

या वाक्यामागचे कारणही समजावून द्यावे. बहुतेक वेळा हा कर्करोग आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवलेल्या पॉलिप नावाच्या लहान गाठीपासून सुरू होतो, आणि तिचा कर्करोग होण्यास साधारणपणे दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो. त्या काळात माणसाला काहीही जाणवत नाही, पण गाठीतून अधूनमधून अगदी थोडे रक्त झिरपू शकते. तेव्हाच गाठ सापडली तर ती दुर्बिणीतूनच काढता येते आणि कर्करोग होण्याआधीच टळतो. ‘कॅन्सर निघाला तर घर बसेल’ असे म्हणणाऱ्यांना ही गोष्ट विशेष सावकाश सांगावी.

ज्यांना आधीच लक्षणे आहेत, त्यांच्यासाठी हे किट नाही. शौचातून रक्त जाणे, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असणे, कारणाशिवाय वजन उतरणे यांपैकी काही असेल, तर थेट डॉक्टरांकडे पाठवावे. पुरुषांत किंवा पाळी गेलेल्या स्त्रियांत लोहाच्या कमतरतेने हिमोग्लोबिन उतरले असेल, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन थांबू नये. लक्षणे नसलेल्यांसाठी अमेरिकेत ही तपासणी ४५ व्या वर्षापासून सुचवली जाते, तर अनेक देशांत पन्नाशीपासून. आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा कर्करोग झाला असेल, तर चाळिशीपासून किंवा त्यांना तो ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षे आधीपासून, यांतले जे आधी येईल तेव्हा, डॉक्टरांशी बोलावे.

चाचणी निवडताना आपल्या रविवारचा विचार करावा. जुन्या ग्वायक पद्धतीच्या चाचणीत लाल मांसामुळे निकाल चुकू शकतो, त्यामुळे तीन दिवस तांबडा रस्सा आणि मटण बंद ठेवावे लागते; तेवढ्यावरूनच अनेकजण माघार घेतील. एफआयटी नावाची चाचणी फक्त मानवी रक्तातील हिमोग्लोबिन ओळखते, म्हणून तिला पथ्य लागत नाही. देशी पद्धतीच्या शौचालयात भांड्यात कागद किंवा स्वच्छ प्लॅस्टिक पसरून, पाणी लागण्याआधी, किटमधल्या काडीने नमुना घ्यावा. पाळी सुरू असताना किंवा मूळव्याधीतून रक्त येत असताना तो घेऊ नये. उन्हात नमुन्यातील हिमोग्लोबिन खराब होते, म्हणून तो त्याच दिवशी पोचवण्याची व्यवस्था करावी, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत.

निकाल सकारात्मक आला, म्हणजे रक्ताचा अंश सापडला, तरी अशा बहुतेकांना कर्करोग नसतो, हे निकाल सांगण्याआधीच समजावलेले असावे. मात्र ‘पुन्हा एकदा किट करून बघू’ असे म्हणून वेळ घालवू देऊ नये. पुढची पायरी कोलोनोस्कोपी हीच आहे. आदल्या दिवशी पातळ आहार आणि जुलाबाचे औषध घ्यावे लागते, तोच भाग लोकांना अधिक त्रासदायक वाटतो. प्रत्यक्ष तपासणीत बहुधा गुंगीचे औषध देतात. रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना आधी सांगावे, आणि सोबत घरचे एक माणूस असावे. निकाल नकारात्मक आला, तरी एका वेळच्या चाचणीतून काही कर्करोग निसटतात, म्हणून ती दरवर्षी किंवा वर्षाआड पुन्हा करायची असते. त्यासाठी मंडळाच्या एका जबाबदार व्यक्तीकडे नावे आणि पुढील तारखा यांची वही असावी, आणि त्या वहीतील निकाल संबंधित माणसाखेरीज कोणालाही, घरच्यांनाही, त्याच्या परवानगीशिवाय सांगू नयेत.