समाजकल्याणात नवे साहेब रुजू झाले? या चुका टाळा

समाजकल्याण किंवा महिला व बालविकास खात्यात नवा अधिकारी आला की पहिला दिवस पुष्पगुच्छांत जातो आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर फायलींचा ढीग लागतो. महिनाभराने सही कुठे करायची ते साहेबांना पाठ झालेलं असतं, पण एकाही लाभार्थ्याशी ते बोललेले नसतात. स्वागत करणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक हीच.

गोव्यातले आयएएस अधिकारी ॲगमुट केडरचे, म्हणजे अरुणाचल प्रदेश, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेश यांच्या सामाईक केडरचे. कालपर्यंत दिल्लीत किंवा अरुणाचलात असलेल्या माणसाला सांगे-सत्तरीसारखे इथले तालुके ठाऊक नसणं स्वाभाविक आहे. कायदे आणि नियम जुने गोव्याच्या गिपार्ड या सरकारी प्रशिक्षण संस्थेत शिकता येतात. माणसं मात्र काउंटरवरच कळतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांना दोन तास काउंटरमागे बसवा. हयातीचा दाखला घेऊन आलेल्या आजीला दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिना २००० रुपये म्हणजे काय, चवथीच्या तोंडावर ते जमा झाले नाहीत तर घरात काय होतं, हे तिच्याच तोंडून ऐकू द्या.

काउंटरवर आणखी एक गोष्ट दिसते. पासष्टी ओलांडलेला इथला माणूस १९६१ च्या मुक्तीआधी जन्मलेला. त्याची जन्मनोंद पोर्तुगीजमध्ये, आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं, पासबुकात तिसरंच. अर्जावर ‘कागदपत्रे अपूर्ण’ असा शेरा पडतो आणि म्हातारा माणूस पुन्हा बस पकडतो. साहेबांना योजनांची सादरीकरणं दाखवण्याऐवजी परत पाठवलेले दहा अर्ज द्या आणि प्रत्येक अर्ज नेमका कुठे अडला ते शोधायला सांगा. यापेक्षा चांगलं प्रशिक्षण मला माहीत नाही.

अंगणवाडीची भेट आठवडाभर आधी जाहीर करू नका. मग रांगोळी निघते, मुलं नव्या कपड्यांत बसतात आणि वजनकाटा चालतो का, हे विचारायचं राहून जातं. मुख्यसेविकेसोबत, म्हणजे अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिकेसोबत, साध्या दिवशी जा. सेविकेला बोलू द्या. तिला तिथेच जाब विचारला, तर पुढच्या खेपेला ती खरं सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी सांगायला हवी. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कानावर आलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. खात्यांतर्गत चौकशी होईपर्यंत थांबायचं नाही, आणि मुलाचं नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही.

बदलीचा आदेश आला की जुना अधिकारी संध्याकाळी मोकळा होतो आणि सगळी माहिती एका जुन्या कारकुनाच्या डोक्यात राहते. तो रजेवर गेला की खातं अडतं. त्यामुळे जुना अधिकारी निघण्याआधी त्याच्याकडून दोन पानी टिपण मागून घ्या: न्यायालयातल्या तारखा, ३१ मार्चपूर्वी खर्च व्हायचा निधी, संपत आलेली कंत्राटं, संस्थांचं थकलेलं अनुदान. खाली त्याचा फोन नंबरही लिहून घ्या, पहिले तीन महिने तो लागतोच.